तुरुंगाच्या दारातली शेगडी

मित्रांनो, लाल मातीची, एक कान तुटलेली आणि पोटात कायम राख बाळगणारी अशी मी एक जुनी शेगडी आहे. तुम्ही मला स्वयंपाकघरात शोधाल तर मी सापडायची नाही. तैवानच्या दक्षिणेकडच्या एका गावात जुन्या तुरुंगाच्या फाटकासमोर रश्शातल्या शेवयांचे एक लहानसे दुकान आहे. त्या दुकानाच्या पायरीशी माझा मुक्काम असतो. माझ्यावर आजवर कोणी चहासुद्धा उकळलेला नाही. माझे काम वेगळे आहे. माणसे मला ओलांडतात.

हे कसले काम, म्हणून तुम्ही नाक मुरडाल. पण आमच्याकडे नवी नवरी सासरी येते ती पेटती शेगडी ओलांडून, आणि तुरुंगातून सुटलेला माणूसही घरी जाण्याआधी तेच करतो. मागचे सगळे निखाऱ्यांच्या पलीकडे सोडायचे आणि मग मागे वळून पाहायचे नाही. घरी गेल्यावर पपनसाची पाने घातलेल्या पाण्याने आंघोळ, नवे कपडे, आणि डुकराच्या पायांच्या रश्शातल्या पांढऱ्या शेवया. रीत अशी की निखारे घरच्याच माणसाने घालायचे. परक्याने घातलेल्या निखाऱ्यांना आमच्याकडे कोणी मोजत नाही.

माझा जन्म तुरुंगाच्या आतच झाला. हे मी लाजत सांगत नाही, कारण मला घडवणारे हात फार चांगले होते. जपानी राज्यकर्ते देश सोडून गेल्याला पंधराएक वर्षे झाली होती. तुरुंगात सुतारकाम, चटया विणणे, कुंभारकाम असे कारखाने चालत. कुंभारकामावर को नावाचे एक शाळामास्तर होते. चार मित्रांबरोबर बसून सरकारला न आवडणारी पुस्तके वाचली, एवढ्याचसाठी त्यांना आत टाकले होते. त्या काळात तेवढेही पुरेसे होते. बाजूला खरे चोर, मारामारी करणारे, जुगारी बसलेले असत आणि को मास्तर माती तुडवता तुडवता त्यांची शाळा घेत.

मातीच्या गोळ्याला कान असतात, त्यामुळे मीही ऐकले. मास्तर सांगत, फार पूर्वी, चिनी बादशहाच्या अमलात, कोठडी ही नुसती ताटकळत बसायची जागा होती. खटल्याचा निकाल लागेपर्यंत माणसाला तिथे कोंबायचे. खरी शिक्षा म्हणजे बांबूचे फटके, नाहीतर हद्दपारी, नाहीतर मान उडवणे. मग जपान्यांनी हा तुरुंग बांधला आणि वेळ हीच शिक्षा झाली. मधोमध एक चौक, तिथून पसरलेल्या तीन ओळी, वर सुवासिक लाकडाचे छप्पर. चौकात एक पहारेकरी उभा राहिला की त्याला तिन्ही ओळी दिसाव्यात, अशी रचना.

"म्हणजे एक माणूस आपल्या सगळ्यांना बघतो," एका जुगाऱ्याने विचारले होते, "मग त्याला कोण बघतं मास्तर?"

मास्तर म्हणाले होते, "त्याला कोणी बघत नाही. म्हणून तो बिचारा आपल्यापेक्षा एकटा."

सगळे हसले. मला तेव्हा हे बोलणे कळले नव्हते. मी ओली होते आणि माझे सगळे लक्ष भट्टीकडे होते.

भट्टीतून निघाल्यावर मला फाटकाजवळच्या विक्रीच्या खिडकीत ठेवले. समोरच्या शेवयांच्या दुकानाच्या मालकीणबाईंना सून यायची होती, त्यांनी मला उचलले. ती सून म्हणजे बी-श्या. तिने मला ओलांडले तेव्हा तिचा पाय इतका थरथरत होता की मला वाटले, ही आता माझ्यातच बसते. तीच बी-श्या आज सत्तरीची आहे आणि तिला घाबरवणारा माणूस अजून या गल्लीत जन्माला यायचा आहे.

लग्न झाल्यावर सासूबाई मला टाकून देणार होत्या. पण त्याच आठवड्यात समोरून एक माणूस सुटला, त्याच्या बायकोजवळ शेगडी नव्हती, आणि तिने दुकानात येऊन मला मागून घेतले. त्यानंतर गावोगावची माणसे कोळसे तेवढे घरून आणू लागली. शेगडी आहेच की फाटकासमोर, असे म्हणू लागली. मी कामाला लागले.

मित्रांनो, मी काय काय पाहिले! म्हाताऱ्या आया पाहिल्या, ज्यांना वाकता येत नव्हते तरी त्या निखारे फुंकायला जमिनीवर बसत. को मास्तर स्वतः सुटले, तेव्हा त्यांना घ्यायला एक तरुण मुलगी आली होती आणि ती आपलीच लेक आहे हे त्यांना ओळखता आले नाही. ओलांडायच्या आधी त्यांनी मला बोटाने टिचकी मारून पाहिली आणि म्हणाले, "भाजणी जरा कमी झाली." लेक एवढी रडत होती, तरी तिला हसू फुटले. मला मात्र राग आला होता. जन्मदात्याने चारचौघांत असे बोलू नये.

आता त्साई हुओ-मू यांच्याविषयी सांगते, कारण माझी गोष्ट खरी त्यांचीच आहे. ते या तुरुंगात पहारेकरी होते. उंच, ताठ, आणि आवाज असा की चौकात हाक मारली की तिन्ही ओळींतली कुजबुज बंद व्हायची. ते मागच्या गल्लीतल्या पहारेकऱ्यांच्या लाकडी घरांत राहत. सुटकेच्या दिवशी फाटकातले छोटे दार उघडायचे काम बहुतेक त्यांच्याकडे असे. माणूस बाहेर पडला की ते लगेच दार लावून घेत. त्याचे कारण आणखी एक रीत. सुटलेल्या माणसाच्या नजरेस पहिल्या दिवशी पहारेकऱ्याचे तोंड पडू नये, नाहीतर तुरुंग त्याच्या मागोमाग घरी येतो, असे आमच्या गावात मानतात. हुओ-मूंनी ही रीत इतकी कडक पाळली की इतक्या वर्षांत ते माझ्या जवळही फिरकले नाहीत. शेवया खायला येत ते मागच्या दाराने.

त्यांना एकच मुलगा, वन-लुंग. बायको लवकर गेली. मुलगा बी-श्या मावशीच्या ओट्यावर वाढला म्हटले तरी चालेल.

पुढे तुरुंग जुना झाला. गावाबाहेर सिमेंटचा नवा तुरुंग उभा राहिला आणि एके दिवशी कैद्यांना गाड्यांत बसवून तिकडे नेले. हुओ-मूही त्याच सुमारास निवृत्त झाले. गल्ली ओस पडली. बी-श्याने माझ्यात माती भरून कांद्याची पात लावली. आयुष्यभर माणसांना वाट दाखवली आणि शेवटी डोक्यावर कांदा उगवला! माझा कान तुटला तो त्याच वर्षांत, गॅसची टाकी आपटून. कोणाला त्याचे वाईटही वाटले नाही.

नंतर तुरुंग पाडून तिथे मोठ्या इमारती बांधायचे घाटत होते. पण गावातली माणसे आडवी आली. ज्यांचे आजोबा आत होते ती माणसे, आणि ज्यांचे आजोबा पहारेकरी होते तीही. मोडू नका, आमच्या पोरांना दाखवायचे आहे, असे त्यांचे म्हणणे. तुरुंग वाचला आणि पाहायला खुला झाला. आता तिथे शाळांच्या सहली येतात. पहारेकऱ्यांच्या घरांत सुतारकाम करणारी तरुण मुले राहायला आली. निवृत्त हुओ-मू काकांनी लोकांना तुरुंग दाखवायचे काम पत्करले. बी-श्याने माझ्यातला कांदा उपटला, मला घासले आणि पायरीशी ठेवले, कारण नव्या तुरुंगातून सुटणाऱ्यांनाही त्यांच्या घरचे ओलांडायला इथेच आणू लागले. तिकडे फाटकासमोर नुसता हमरस्ता आहे, गाड्या थांबू देत नाहीत.

ती माणसे आतल्या गोष्टी सांगत. आता आत पाव भाजायला शिकवतात, सोयाबीनचा सॉस मुरवतात, ढोलांचे पथक आहे. जागा मात्र कमी पडते, दाटीवाटीने झोपावे लागते, हेही सांगत. बऱ्याचशा पाहुण्यांना वाटते, तुरुंग म्हणजे काचेआड ठेवलेली बेडी. तिकीट काढले, पाहिले, संपले. पण मित्रांनो, तुरुंग संपत नाहीत, ते जागा बदलतात. मला हे कळते, कारण माझे काम कधी थांबले नाही.

हुओ-मू काका हे सगळे पोरांना छान समजावून देत. एक गोष्ट मात्र ते कोणालाच सांगत नसत. त्यांचा वन-लुंग त्या नव्या तुरुंगात होता.

वन-लुंग कामासाठी काओशुंग या मोठ्या शहरात गेला आणि फसवणाऱ्यांच्या टोळीला लागला. ही टोळी म्हाताऱ्या माणसांना फोन करायची. "मी पोलीस ठाण्यातून बोलतोय, तुमचं नाव गुन्ह्यात आलंय, बँकेतली पुंजी आमच्या हवाली करा, आम्ही सांभाळतो," असे सांगून लुबाडायची. वन-लुंगला तिथे मान होता, कारण तो फोनवर बोलू लागला की समोरच्याला खरोखरीचा साहेब वाटे. तो आवाज त्याने कुठे ऐकला होता, हे खटल्यात कोणी विचारले नाही. हुओ-मू काकांना मात्र विचारायची गरज नव्हती. ते एकदाही त्याला भेटायला गेले नाहीत.

आणि मग एका थंडीच्या सकाळी, हातात कापडी पिशवी घेऊन, वन-लुंग एकटाच बसने येऊन आमच्या पायरीशी उभा राहिला.

"वन-लुंग ना रे तू?" बी-श्याने डाव खाली ठेवला. "किती वाळलास. ये, बस. नाही, थांब, बसू नकोस. आधी शेगडी ओलांड, मग बस."

"मावशी, घरचं कोणी आलेलं नाही."

"मग मी कोण?"

"तुम्ही शेवयावाल्या." तो हसला, पण ते हसू टिकले नाही. "निखारे घरच्यांनीच घालायचे. तुम्हीच सांगायचात मला लहानपणी."

"जळलं माझं तोंड," बी-श्या म्हणाली. "बाबांना कळवलं होतंस?"

"तुरुंगातून कळवतात ना. त्यांना ठाऊक आहे." तो खाली बघत होता. "मी फक्त तुम्हाला भेटायला आलो. दुपारच्या गाडीनं काओशुंगला जातोय. तिथे ओळखीचा एक जण आहे. काम देतो म्हणालाय."

"कसलं काम?"

वन-लुंग पिशवीचा बंद बोटाला गुंडाळू लागला. बी-श्यालाही ते कळले आणि मलाही. जुन्या ओळखीचे, जुने काम. या मुलाच्या घरचे कोणी आज आले नाही, तर तो दुपारच्या गाडीने पुन्हा त्याच खड्ड्यात जाणार होता.

तेवढ्यात समोरच्या फाटकातून पिवळ्या टोप्या घातलेली शाळेची पोरे बाहेर पडली आणि त्यांच्या मागून हुओ-मू काका. त्यांची नजर पायरीकडे गेली. ते थबकले, मग पाठ फिरवून पोरांना म्हणाले, "चला, विहीर दाखवायची राहिली." पोरे म्हणाली, "आजोबा, विहीर दोनदा दाखवलीत." तरीही ते त्यांना घेऊन पुन्हा आत निघाले.

आमची गल्ली अरुंद आहे आणि बी-श्याचा आवाज रुंद आहे.

"साहेब," ती जागेवरूनच ओरडली, "त्या विहिरीत उतरणार आहात का आता? इकडे या."

काका वळले नाहीत. "पहिल्या दिवशी पहारेकऱ्याचं तोंड दिसू नये. रीत आहे ती."

"मला रीत शिकवू नका. माझं अख्खं आयुष्य या शेगडीजवळ गेलंय. निवृत्त होऊन किती वर्षं झाली तुम्हाला? अजून पहारेकरी?"

"पहारेकरी तो पहारेकरीच राहतो."

"म्हणजे जन्मठेप म्हणा की," बी-श्या म्हणाली. "खुनी सुटले, दरोडेखोर सुटले, तुम्हीच तेवढे आत राहिलात. एवढी माणसं इथून ओलांडून गेली. तुम्ही एकदा तरी ओलांडलीत?"

पोरे खुदखुदली, तशा त्यांच्या बाईंनी डोळे वटारले. मित्रांनो, बी-श्या खरे बोलत होती. आत सर्वांत जास्त वर्षे काढलेला हा माणूस रोज संध्याकाळी त्या फाटकातून बाहेर पडला आणि रोज तुरुंग अंगावर घेऊनच घरी गेला. त्याच्यासाठी कोणी कधी निखारा घातला नाही. आम्हा कोणाच्या ते डोक्यातच आले नाही.

काका हळूहळू गल्ली ओलांडून आले. माझ्या पलीकडे, फाटकाच्या बाजूला उभे राहिले. मुलाकडे न पाहता म्हणाले, "त्यानं माझा आवाज वापरला, मालकीणबाई. म्हाताऱ्या माणसांना घाबरवायला. माझा."

वन-लुंग पायरीवरून उतरून त्यांच्या शेजारी आला. "आत गेलो त्या पहिल्या सकाळी एक पहारेकरी माझ्यावर ओरडला," तो म्हणाला. "अगदी तुमच्यासारखा. तो सांगेल ते मी विचार न करता केलं, बाबा. तेव्हा कळलं मला, फोनच्या पलीकडे त्या लोकांचं काय होत असेल. त्यातल्या एका आजींचा आवाज मला रोज ऐकू येतो. चुकलं म्हटलं तरी तो जात नाही."

बी-श्याने कोळशांची टोपली काकांच्या पुढ्यात सरकवली. "घरचं माणूस आलंय. घाला."

काका वाकले. आयुष्यात कधी शेगडी भरली नव्हती हो त्यांनी. सगळी टोपली माझ्या पोटात ओतली आणि वर रश्शाच्या चुलीतले जळते निखारे. एवढे कोंबल्यावर माझा श्वासच कोंडला, आणि मग जो भडका उठला तो त्यांच्या विजारीची किनार करपवून गेला.

"साहेब, माणूस ओलांडायचाय, भाजायचा नाहीये," बी-श्या म्हणाली आणि चिमट्याने कोळसे बाहेर काढू लागली.

पोरे आता फाटकाच्या पायरीवर ओळीने बसून मजा बघत होती. ज्वाळा खाली बसल्या. "आधी तुम्ही," बी-श्या म्हणाली. "तुम्ही पहारेकरी राहिला नाहीत, तरच त्याला तोंड दाखवता येईल. रीत आहे ती."

काकांनी पाय उचलला, पण गुडघा वर येईना. पुन्हा उचलला, पुन्हा तसेच. त्यांनी आधारासाठी हात बाजूला केला. तिथे दुसरे काहीच नव्हते, मुलाचा खांदा होता. त्यांनी तो धरला. इतका घट्ट धरला की वन-लुंग एका बाजूला कलला. मग त्यांचा बूट माझ्यावरून गेला, माझी ऊब त्यांच्या तळव्याला लागली, आणि ते पलीकडे घराच्या बाजूला उभे होते. त्यांचा चेहरा ओला झाला होता आणि त्यांनी तो पुसला नाही.

"चल रे," ते मुलाला म्हणाले. त्या आवाजाने चौक काय, पायरीवरचे मांजरही जागे झाले नसते. "मावशी शेवया वाढतीये."

वन-लुंग मला ओलांडून गेला. मी कितीएक माणसांचे तळवे पाहिले आहेत, पण त्या दिवशी मला माझ्याच धगीने भरून आले.

दुपारची गाडी वेळेवर गेली. ती गेली तेव्हा वन-लुंग दुसरा वाडगा खात होता आणि काका त्याच्या वाडग्यात आपल्यातले मांसाचे तुकडे टाकत होते.

एका दिवसात सगळे गोड झाले, असे मी सांगणार नाही. बापलेक कित्येक दिवस एकमेकांशी जेवणापुरतेच बोलत. गल्लीतल्या काहींनी वन-लुंगला कामाला ठेवायला नकार दिला, आणि त्यांचे मला चुकीचे वाटले नाही, भीती त्यांनाही असते. शेवटी मागच्या गल्लीतल्या एका सुताराने आपल्या दुकानाचा कोपरा दिला. तिथे वन-लुंग आत शिकला तसे पाव भाजतो. ज्या आजींचा आवाज त्याला ऐकू येतो, त्यांच्या मुलाकडे त्याने निरोप पाठवला होता. उत्तर आलेले नाही. तो वाट पाहतो आहे, आणि न आले तरी तक्रार करणार नाही म्हणतो.

त्या दिवशीच्या अति निखाऱ्यांनी माझ्या पोटाला तडा गेला. हुओ-मू काकांनी तारेने तो बांधून दिला. तार जरा वाकडी आहे, पण मी त्यांना बोलणार नाही. ते आता रोज सकाळी पुढच्या दाराने येतात. ज्याला घ्यायला कोणी येत नाही असा माणूस बसमधून उतरला, की काका बी-श्याकडून टोपली मागून घेतात. एकदा एका तरुणाने विचारले, "काका, निखारे घरच्यांनी घालायचे ना? तुम्ही माझे कोण?" काका म्हणाले, "मी आतलाच. तुझ्याआधी सुटलो."

मित्रांनो, जुन्या वस्तू आपल्या गोष्टीच्या शेवटी म्हणतात, मला फेकू नका, मला जपा. माझे तसे काही मागणे नाही. माती आहे, एक दिवस फुटेन, को मास्तरांनी सांगितलेच होते की भाजणी कमी आहे. मी एवढेच मागते की तुमच्या गल्लीत कोणी असा परत आला, तर त्याने काय केले होते हे विसरू नका, पण त्याला दारातही उभे ठेवू नका. शिक्षा संपली हे कोर्ट सांगते. तू घरी आलास हे मात्र घरच्याच कोणीतरी सांगावे लागते, आणि ज्याला घरचे कोणी नाही, त्याला ते तुम्ही सांगितलेले चालते.